डिटेक्टिव्ह कथा वाचायचीच असते, पडद्यावर तिचं अर्धं कोडं आधीच फुटतं

पानपालट्या
सध्या जुन्या रहस्यकथा परत काढल्यात, होम्स, प्वारो, मिस मार्पल वगैरे, आणि सोबत त्यांच्या मालिकाही चालू आहेत. जितकं बघतोय तितकं माझं मत पक्कं होतंय की हा प्रकार मुळात कागदावरचा आहे. पडद्यावर छान दिसतो, पण कोड्याचा जीव जातो.

होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा घ्या (ही युक्ती एवढी गाजलीय की सांगायला हरकत नसावी). शर्यतीचा घोडा रात्रीत तबेल्यातून गायब, तबेल्यात कुत्रं आहे आणि ते भुंकलेलंच नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा. आता होम्सचा लेखक डॉयल हे लपवतो कसं बघा. माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना रात्री काही ऐकू आलं नाही, त्यांची झोपच गाढ, एवढं एका वाक्यात सांगून तो पुढे सरकतो, आणि आपलं डोकं तोवर राखणदार पोराच्या मटणात अफू कोणी कालवली यात अडकलेलं असतं. धागा समोर ठेवलेला होता, आपणच ओलांडून गेलो! ही मजा कॅमेऱ्यात कशी आणणार? झोपलेली पोरं आणि गप्प कुत्रं दाखवलं की लगेच डोळ्यात भरतं, नाही दाखवलं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं होतं.

वर ते कास्टिंग. पाहुण्यांच्या घोळक्यात एक नावाजलेला नट दोन ओळी बोलून कोपऱ्यात बसला की खुनी कोण ते पंधराव्या मिनिटाला कळतं.

चौथीखिडकी
अजिबात पटलं नाही. "मुळात कागदावरचा" म्हणताय, पण होम्स निम्मा चित्रातूनच आलाय की! १८९१ पासून स्ट्रँड मासिकात कथा यायला लागल्या त्या सिडनी पॅजेटच्या चित्रांसकट. ती शिकारी टोपी पॅजेटने काढली म्हणून आपल्या डोक्यात बसली, डॉयलने तुमच्या त्या सिल्व्हर ब्लेझमध्येच फक्त कान झाकणारी प्रवासाची टोपी एवढंच लिहिलंय. वाकडा पाइप विल्यम जिलेट या नटाच्या नाटकातून रुळला. "एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन" हे वाक्य तर डॉयलच्या एकाही कथेत जसंच्या तसं नाही. म्हणजे जो होम्स आपल्याला आवडतो तो लोकांनी बघून बघून घडवलाय.

आणि मालिकेतला होम्स, जेरेमी ब्रेट! १९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग. केस नसली की सोफ्यावर मेल्यासारखा पडलेला आणि दारावर टकटक झाली रे झाली की एका उडीत उभा, ते बघितल्यापासून मी पुस्तक वाचते तेव्हा मला त्याचाच आवाज ऐकू येतो आणि मला ते प्रचंड आवडतं. पुस्तकात वॉटसन सांगतो की होम्सला कंटाळा आला की तो खचतो, ब्रेट ते खचणं समोर आणून ठेवतो.

पानपालट्या
ब्रेटबद्दल वादच नाही. पण ही सगळी माणसाची मजा झाली, मी कोड्याबद्दल बोलतोय. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात स्पष्ट आहे की डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे मिळाला पाहिजे. एलरी क्वीन या नावाने लिहिणारे लेखक तर शेवटाच्या आधी थांबून सांगतात, आता सगळे पुरावे तुमच्याकडे आहेत, सोडवा. हा लेखक-वाचकातला सामना आहे. मी थांबतो, चाळीस पानं मागे जातो, नोकराणीने किती वाजता चहा नेला ते परत बघतो. पडद्यावर वेग दिग्दर्शकाचा, मी नुसता मागे फरफटत जातो.

रात्रपाळी
रिमोटला पॉज बटण असतं हो. मी प्वारो बघताना दहादा मागे नेतो.

कास्टिंगचं म्हणाल तर १९७४ चा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' बघा. शॉन कॉनरी, इन्ग्रिड बर्गमन, लॉरेन बकॉल, अँथनी पर्किन्स, डब्यात जो बसलाय तो स्टार, आता शोधा कोपऱ्यातला नावाजलेला नट! दिग्दर्शक सिडनी लुमेटने तुमच्या नियमाची हवाच काढून घेतली.

दुसरं म्हणजे पडद्याने कोडं उलटं करूनही दाखवलंय. कोलंबो या अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिकेत खून कोणी केला ते सुरुवातीलाच दिसतं, पुढे तो चुरगळलेला रेनकोटवाला माणूस त्याला पकडणार कसा एवढंच. दाराशी जाऊन परत वळतो आणि अजून एक छोटासा प्रश्न विचारतो, तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू गोठतं ना, त्याच्यासाठी मी अख्खी मालिका परत बघीन.

पानपालट्या
उलटं कोडं पण आधी पुस्तकातच आलंय, ऑस्टिन फ्रीमन या लेखकाने १९१२ मध्येच तसा कथासंग्रह काढला होता. पण गोठलेलं हसू मान्य, ते लिहून येत नाही.

संध्याराग
मला तुम्हा दोघांच्या मूळ गृहीतकाबद्दलच बोलायचंय. खुनी कळला की मजा संपली असं तुम्ही धरूनच चाललाय. माझं उलटं आहे. मी लहानपणी दूरदर्शनवर रजित कपूरचा डिटेक्टिव्ह ब्योमकेश बघितला आणि त्याच्या मूळ लेखकाच्या, शरदिंदूंच्या कथा खूप नंतर वाचल्या, डेव्हिड सुशेचा प्वारो आधी बघितला आणि त्याच्या लेखिका क्रिस्तीबाई नंतर वाचल्या. खुनी माहीत असताना क्रिस्ती वाचणं म्हणजे जादूगाराच्या मागे उभं राहून हात बघणं. तिसऱ्या प्रकरणात एक पात्र जरा उगाचच आरशाकडे बघतं, पहिल्यांदा वाचणारा तिकडे लक्षही देणार नाही, मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटते. त्यामुळे आधी बघा, मग वाचा, काही बिघडत नाही.

पानपालट्या
पण पहिल्यांदा फसायचा अनुभव एकदाच मिळतो ना! दुसरं वाचन केव्हाही करता येतं, पहिलं परत येत नाही. काही कादंबऱ्यांची युक्ती तर सांगण्याच्या पद्धतीतच आहे (नाव घेत नाही, कोणाची तरी मजा जाईल), त्या आधी बघितल्या तर कायमचं नुकसान.

फेलूभक्त
यात सत्यजित राय आलेच पाहिजेत, कारण लेखकही तेच आणि दिग्दर्शकही तेच. त्यांच्या डिटेक्टिव्ह फेलूदाच्या 'सोनार केल्ला' पुस्तकात खरे बदमाश कोण हे ते शेवटपर्यंत झाकून ठेवतात. १९७४ च्या सिनेमात मात्र ते प्रेक्षकाला लवकरच दाखवून टाकतात. स्वतःचंच रहस्य स्वतः उघडलं! पडद्यावर 'कोण' यापेक्षा 'आता काय होणार' जास्त धरून ठेवतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पानपालट्या
मग हे माझ्याच बाजूचं झालं. राय यांच्यासारख्या माणसालासुद्धा पडद्यासाठी कोडं मोडावं लागलं.

चौथीखिडकी
मोडलं नाही, बदललं. बदमाशांचा ज्याच्यावर डोळा आहे तो छोटा मुकुल, डॉक्टर बनून आलेल्या बदमाशाचं बोट धरून निघतो तेव्हा आपल्याला सगळं माहीत असतं, त्याला काहीच नसतं, आणि फेलूदा अजून पोचलेला नाही. पुस्तकात त्याच जागी मी शांतपणे तर्क लढवत बसले होते, सिनेमात माझ्या पोटात गोळा आला होता. मला दोन्ही हवंय, आणि यातलं कमी कुठलं ते मी ठरवणार नाही.