मोगली पाहिला तेव्हा : सोलापूरकरांचे अनुभव

'द जंगल बुक' हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये आला, भारतात तर अमेरिकेच्या आठवडाभर आधी. तुम्ही कुणाबरोबर पाहिलात, काय मनात राहिलं, सविस्तर लिहा.

माझ्या मनात राहिली राक्षा, मोगलीला वाढवणारी लांडगी. आमचं शेत नान्नजकडं, माळढोक अभयारण्याच्या अंगाला. तिथं लांडगा म्हणजे मेंढ्यांचा वैरी, एवढंच ऐकत मोठा झालो. थेटरातनं बाहेर पडताना लेकीनं विचारलं, "पप्पा, आपल्या माळावरचे लांडगेपण पिल्लं अशीच सांभाळतात?" सांभाळतात की! नुसते आईबापच नव्हे, कळपातले बाकीचेही पिल्लांना भरवतात. तेव्हापासून आमच्या घरात लांडग्याला कुणी शिवी देत नाही.

*

हिंदीतून पाहिला. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज! दूरदर्शनच्या मालिकेतही तेच होते. लहानपणी त्या आवाजाला घाबरून आईच्या मागं लपायचो, आता माझा मुलगा माझ्या दंडाला चिकटून बसला होता.

*

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. अव्वाला, म्हणजे आजीला, हिंदी बेताचीच, म्हणून मी शेजारी बसून तिच्या कानात तेलुगूत सांगत होतो. जन्मभर विड्या वळलेली तिची बोटं मध्यंतरापर्यंत पदराच्या टोकाशी चाळा करत होती, शेरखान आला की थांबायची. घरी आल्यावर सांगितलं, पोरगा तेवढा खरा, जंगल आणि जनावरं संगणकावरची. तिला पटेना. "समोर कुणीच नव्हतं, तर पोरगं बोललं कुणाशी?" मग वाचून सांगितलं, की चित्रीकरणाच्या वेळी बाहुल्या हलवणारे कलाकार मोगली झालेल्या नील सेठीसमोर असायचे. अव्वा म्हणाली, त्या बाहुलीवाल्यांचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे होतं. मलाही तसंच वाटतं.

*

शिक्षिका म्हणून माझी तक्रार आहे. मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगचा 'का' हा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा दोस्त. चित्रपटात तोच मोगलीला गिळायला निघतो, तोही मादी होऊन! आणि शेवट? पडद्यावर मोगली जंगलातच राहतो. पुस्तकात शेरखानला मारल्यावर गाव त्याला दगड मारून हाकलतं, कळपानं तर आधीच बाहेर काढलेलं असतं. एवढं दुःख मुलांना झेपतं, त्यांच्यापासून लपवायचं कशाला? सहावीच्या वर्गात तो भाग मोठ्यानं वाचला. दोन तास वाद चालला, आणि अर्धा वर्ग गावाच्या बाजूनं होता.