ट्राय-क्लॉप्स कारागीर की नुसताच तलवारबाज? मामा-भाच्याची पैज

उद्यमबागचा टर्नर
मंडळी, अर्धा किलो बेळगावी कुंद्याची, म्हणजे खव्याच्या मिठाईची, पैज लागलीय. निकाल तुम्हीच द्या.

माळ्यावरची ट्रंक उपसताना लहानपणीचा ट्राय-क्लॉप्स सापडला. ही-मॅन कार्टूनमधला ओ, स्केलेटर ह्या मुख्य व्हिलनच्या टोळीतला तीन डोळ्यांचा. डोक्याभोवतीचं कडं फिरवलं की एकेक डोळा समोर येतोय, तो. कडं पार ढिलं झालेलं. जरा हलवला की डोळा कानावर. जेवणाच्या सुट्टीत पितळेच्या पत्र्याचं वॉशर कापलं. बसवलं तर कडं फिरेचना. मग एमरी पेपरवर घासून घासून बसवलं. आता सोडाल तिथं थांबतंय.

शेजारच्या लेथवरचा दोस्त कन्नड बोलणारा. बघून म्हणाला, "मुक्कण्ण!" आणि लगेच जीभ चावली. मुक्कण्ण म्हणजे तीन डोळ्यांचा, शंकर की! दर सोमवारी कपिलेश्वराच्या देवळात जाणारा माणूस तो, व्हिलनला देवाचं नाव कसं देईल?

तर भाचा म्हणतोय, हा स्केलेटरचा इंजिनिअर, उडते हेरगोळे ह्यानंच बनवले. मी म्हटलं, कायतरीच काय! आम्ही दूरदर्शनवर बघितला तेव्हा ह्याच्या हातात तलवार होती, पाना नव्हता. यंत्रं बनवायचा मॅन-ॲट-आर्म्स, तो राजाच्या बाजूचा. कोण खरं?

खानापूरकर
कुंदा निम्मा निम्मा करा. तुम्ही बघितली ती फिल्मेशन कंपनीची मालिका, १९८३ ते ८५, १३० भाग. त्यात हा मुख्यतः डोळे फिरवून शोध घेणारा आणि लढणारा. खेळणंही १९८३ चंच, मॅटेल कंपनीचं. भाचा बोलतोय ती २००२ ची मालिका. तिथं तो खरोखरच टोळीचा यंत्रकार. त्या गोळ्यांना डूमसीकर म्हणतात. उडत जाऊन टेहळणी करतात.

शहापूरची लूमवाली
२०२१ ची राहिली की. नेटफ्लिक्सवर, केव्हिन स्मिथची. त्यात इटर्नियातली, म्हणजे ही-मॅनच्या जगातली, जादूच संपते आणि हा यंत्रांचा पंथ काढून त्याचा पुढारी होऊन बसतो. देवी कोण, तर मदरबोर्ड! मला आमची खंडेनवमी आठवली. आम्हीपण लूमला हार घालतो, हळदकुंकू लावतो. पण दुसऱ्या दिवशी धागा तुटला की त्याच लूमला शिव्या. ह्याच्या पंथात शिव्या द्यायची सोय दिसत नाही.

उद्यमबागचा टर्नर
खानापूरकर, हरलो म्हणायला जड जातंय, पण २००२ वाल्यांनी डोकं चालवलंय. तीन डोळे ही मुळात दुकानात खेळणं खपवायची युक्ती, पोरानं कडं फिरवत बसावं म्हणून. त्यांनी त्यालाच अर्थ दिला. ज्याला सगळीकडं बघायची खोड, तो उडते डोळेच बनवणार की!

एक मात्र खटकतंय. मॅन-ॲट-आर्म्सला दरबारात मान आहे. इकडं ह्यानं एवढी खटपट करायची आणि मोहीम फसली की स्केलेटर ओरडणार. मी पूर्वी एके ठिकाणी होतो, तिथं ड्रिलिंगचं जिग, म्हणजे भोक नेमकं पडावं म्हणून जॉब धरायचा साचा, बनवलं, एका जॉबमागं चार मिनिटं वाचली. फोटो निघाला सुपरवायझरचा. तेव्हापासून ह्या तीनडोळ्याचा राग येत नाही मला.

निपाणीचा पाहुणा
ते सगळं राहू दे. वॉशर केवढं केलं? माझ्याकडं पण एक ढिला पडलाय.

उद्यमबागचा टर्नर
पाव मिलिमीटरचा पत्रा घ्या, घासून त्याच्या खाली आणा. भोक आधी पाडा, बाहेरचा गोल मग कापा. उलटं केलं की पत्रा मुरडतोय. तेल अजिबात घालू नका, कडं परत घसरतंय. आणि भाच्यानं कुंदा पुऱ्या अर्ध्या किलोचाच घेतला.