कॉन्झर्व्हेटिव्ह : पुराणमतवादी, हुजूर की नुसते उजवे?

अनुवादी : अमेरिकी राजकारणावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पानोपानी. न्यायाधीश कॉन्झर्व्हेटिव्ह, रेडिओवरचे भाष्यकार कॉन्झर्व्हेटिव्ह, मतदारही तेच. संपादक म्हणतात सरसकट ‘पुराणमतवादी’ करून टाका. मला तो शब्द बोचतोय. दुसरं काही सुचतंय का?

जुनी पोथी : बोचणारच. त्या शब्दात निकाल आधीच लावून ठेवलेला आहे. सुधारकांच्या जमान्यात विरोधकांना हिणवायला वापरलेला शब्द तो, त्याला अजून तोच वास आहे. ‘मी पुराणमतवादी’ असं अभिमानाने सांगणारा माणूस तुम्हाला कुठे भेटलाय? अमेरिकेत मात्र लोक छातीठोकपणे स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात. ज्याला लेबल लावायचं, त्याने निदान ‘हो, तो मीच’ म्हणावं एवढी माफक अपेक्षा भाषांतराकडून ठेवायला हरकत नाही. मग मत काय मांडायचं ते लेखकाने खुशाल मांडावं.

सदाशिवपेठी : ब्रिटनपुरता तिढा आपल्या वृत्तपत्रांनी केव्हाच सोडवलाय : कॉन्झर्व्हेटिव्ह तो हुजूर पक्ष आणि लेबर तो मजूर पक्ष. यमकही जुळतं, अर्थही पोचतो. ‘हुजूर’ म्हटलं की दरबार आला, हुजूरपागा आली, जी हुजूर आलं. अर्थात हेही लेबल तिरकसच. आणि आता तर गंमतच झालीय. हुजुरांचं नेतृत्व ऋषी सुनक यांच्यानंतर केमी बेडनॉक यांच्याकडे, म्हणजे नायजेरियन आईवडिलांच्या मुलीकडे. आणि 2024 मध्ये मजूर पक्षाला सत्तेवर आणणारे कोण, तर सर कीर स्टार्मर. मजुरांचे ‘सर’!

बाय द वे, हुजुरांना तिकडे ‘टोरी’ही म्हणतात, आणि ‘टोरी’ ही मुळात शिवीच. आयर्लंडमधल्या लुटारूंना टोरी म्हणत, म्हणजे आपल्याकडचे पेंढारीच म्हणा. विरोधकांनी ती चिकटवली, यांनी ती मिरवली. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे नाव त्या पक्षाला 1830 च्या आसपास मिळालं.

तिसवाडीकर : सरळ ‘उजवे’ लिहा की. फ्रान्समध्ये 1789 च्या सभेत राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, तिथून हे डावे-उजवे सुरू झालं. सगळ्या जगाला कळतं.
फक्त एक लक्षात घ्या, मराठीत उजवा म्हणजे सरस. ‘धाकटा थोरल्यापेक्षा उजवा निघाला.’ देवळात कौल लावला आणि उजवा मिळाला की काम फत्ते. कूस उजवते ती आनंदाचीच गोष्ट. उलट डावलतात कुणाला, तर नकोशाला. म्हणजे आपली भाषा मतदानाआधीच एका बाजूला झुकलेली 😀

जुनी पोथी : ‘उजवे’ बरं आहे, पण ते कुठे उभं राहून मोजायचं? ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हना नजरकैदेत टाकून सत्ता बळकावू पाहणारे कट्टर कम्युनिस्ट होते, आणि पाश्चात्त्य बातम्यांत त्यांनाच कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं जात होतं. बरोबरच होतं ते. त्यांना जपायचं होतं सोव्हिएत संघराज्य! उजवे कसे म्हणणार त्यांना? इराणमध्ये जपायची आहे 1979 च्या क्रांतीतून आलेली व्यवस्था. ऑस्ट्रेलियात याच विचाराच्या पक्षाचं नाव लिबरल पक्ष. जपानमध्ये लिबरल डेमोक्रॅटिक. नावावर गेलात की फसलात.

शेवटी प्रश्न एकच : काय जपायचंय? अमेरिकेतच बघा ना. रीगन यांचे अनुयायी खुल्या व्यापाराचे गोडवे गात. आज त्याच रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष आयातीवर कर लावतो आणि दोघेही कॉन्झर्व्हेटिव्ह. एकाला बाजार जपायचा होता, दुसऱ्याला देशातले कारखाने. मराठी वाचकाला हा फरक शब्दातूनच दिसला पाहिजे. ‘पुराणमतवादी’ लिहिलंत की दोघेही शेंडी राखलेले दिसतात.

सदाशिवपेठी : आणि आपल्या घरातला गोंधळ? टिळक राजकारणात जहाल, पण 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांचा कडाडून विरोध. गोखले मवाळ, पण समाजसुधारणेच्या बाजूचे. यांना डाव्या-उजव्या चौकटीत बसवून दाखवा! पुढे 1959 मध्ये राजाजी आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. उजवाच पक्ष, पण सारा भर सरकारी परवान्यांच्या विरोधावर. ‘उजवे’ म्हटल्यावर आज किती जणांना तो आठवतो?

पेशवेकालीन : थोडं अवांतर. ज्याला या कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा मूळपुरुष मानतात त्या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश खासदार एडमंड बर्कचा मराठ्यांशी संबंध आलाय. 1781 मध्ये राघोबादादांचा वकील हणमंतराव लंडनला गेला होता. ब्राह्मण, सोवळंओवळं कडक. बर्कने त्याला बीकन्सफील्डजवळच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं ग्रीनहाऊस स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा तो हाच बर्क. हेस्टिंग्ज 1795 मध्ये सुटला ते सोडा. पण दुसऱ्याची रीत मोडू नये हा बर्कचा विचार त्या काचघरातही दिसतो, आणि खटल्यातही. असा माणूस ‘पुराणमतवादी’त कोंबायचा?

अनुवादी : वा, हणमंतराव मस्त! मग मी असं करू का : ब्रिटनचा पक्ष ‘हुजूर पक्ष’, मतदार ‘परंपरावादी’, आणि जिथे नुसता कल सांगायचाय तिथे ‘उजव्या विचारांचे’? न्यायाधीशांचं अडतंय.

जुनी पोथी : न्यायाधीशांना ‘परंपरावादी’ही नको. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की राज्यघटना लिहिली तेव्हा शब्दांचा जो अर्थ होता, तोच धरायचा. ‘मूळ अर्थ मानणारे’ असं उलगडून लिहा, चार शब्द जास्त गेले तरी चालतील. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या 2022 च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा युक्तिवाद त्याशिवाय वाचकाला लागणारच नाही.

अनुवादी : आणि रेडिओवरचे?

तिसवाडीकर : ते ‘उजव्या विचारांचे भाष्यकार’. ‘टीकाकार’ मात्र चुकूनही करू नका. ज्ञानेश्वरीला गीतेवरची टीका म्हणत तो काळ गेला, आता टीका म्हणजे झोडपणं.

सदाशिवपेठी : त्या रेडिओवाल्यांचं ऐकलंत तर टीकाकारही चालेल. वादाच्या दोन्ही बाजूंना वेळ देण्याचं अमेरिकी रेडिओवरचं बंधन 1987 मध्ये उठलं, पुढच्याच वर्षी रश लिंबॉ देशभर ऐकू यायला लागले, आणि तेव्हापासून तिथे भाष्य कमी, झोडपणंच जास्त.

अनुवादी : 😀 भाष्यकारच ठेवते. संपादकांना हे सगळं पाठवते, बघू काय म्हणतात.