छोटी ईमेल वार्तापत्रं तोंडोतोंडी वाढतील का?

घाटमाथा, सातारा
आपल्या भागात कोणी बेदाण्याच्या सौद्यांवर, कोणी कासच्या फुलांवर, कोणी मिरजेच्या गाण्याच्या बैठकांवर एकट्यानं ईमेल वार्तापत्र काढतं. जाहिरात नाही, पाठीशी कंपनी नाही. अशाला वाचकानं करण्यासारखी सगळ्यात मोलाची मदत म्हणजे आणखी एका वाचकाला सांगणं, असं माझं ठाम मत आहे. पण सांगायचीही रीत असते. "छान आहे, वाचत जा" म्हटलं की समोरचा "हो हो" म्हणतो आणि विषय तिथंच मिटतो. त्यापेक्षा बेदाणा शेड चालवणाऱ्याला गंधकाच्या धुरीवर लिहिलेला तेवढा एकच अंक द्यावा. माणूस एक, अंक एक, आणि तो त्यालाच का दिला याचं एक वाक्य.

आलेला मेल मात्र तसाच पुढं ढकलू नका. त्याच्या तळाशी अंक येणं बंद करायचा जो दुवा असतो, तो मूळ वाचकाच्या नावाचा असतो. पुढच्या माणसानं तो दाबला की यादीतून तुम्हीच गळता, आणि अंक का येईनासा झाला हे कळत नाही. अंकाच्या वेबपानाचा दुवा पाठवा. बहुतेक अंकांत वरच्या बाजूला 'ब्राउझरमध्ये वाचा' असं लिहिलेलं असतं, तोच.

हळदवखार, सांगली
पटलं नाही. इथं ईमेल उघडतं कोण? बँकेचं स्टेटमेंट नाहीतर रिटर्नचा कागद शोधायला. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांकडं, म्हणजे इशाऱ्याकडं सरकायला लागली की आकडा हातोहात फिरतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. हळदीचा दर तिथंच, लग्नपत्रिका तिथंच. लिहिणाऱ्यानं चॅनेल काढावं, लोक आपणहून येतील. ईमेलसाठी एकेकाच्या पाया पडणं म्हणजे चमच्यानं हौद भरणं.

घाटमाथा, सातारा
पातळीचा आकडा तासाभरात शिळा होतो, त्याला व्हॉट्सअ‍ॅप ठीक. पण पाणी कुठल्या भागात आधी शिरतं आणि का, हे सांगायला दोन पानं लागतात, आणि ती महिन्यानंही शोधली की सापडायला हवीत. चॅनेलवर ती दोन दिवसांत वर सरकून जातात.

दुसरं, चॅनेलच्या अनुयायांची यादी उचलून दुसरीकडं नेता येत नाही. ईमेलची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल म्हणून उतरवून घेता येते. वार्तापत्र पाठवायची ट्विटरची रिव्ह्यू ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, तशीच टायनीलेटर फेब्रुवारी २०२४ मध्ये. वेळेत यादी उतरवून घेतली की वाचक आपल्याजवळ राहतात. म्हणूनच एकेक पत्ता मिळवायच्या कष्टाला मी मोल देतो.

तंतुवाद्य, मिरज
तुम्हा दोघांच्या वादात मधली गळती राहून गेली. सांगितलं, समोरच्यानं पत्ताही भरला, तरी काम अर्धंच झालं. बऱ्याच ठिकाणी खातरीचा मेल येतो आणि त्यातलं बटण दाबल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. तो मेल स्पॅममध्ये नाहीतर जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात पडून राहतो. म्हणून सांगणाऱ्यानं दोन मिनिटं शेजारी थांबावं. मेल शोधून द्यावा, 'स्पॅम नाही' दाबायला लावावं. पहिला अंक आला की संगणकावर तो ओढून 'प्रायमरी' या मुख्य कप्प्यात टाकायचा आणि 'पुढचेही इथंच ठेवू का' असं विचारलं की 'हो' म्हणायचं. मग लेखकाला दोन शब्दांचं उत्तर लिहायचं. ज्याच्याशी पत्रव्यवहार आहे, त्याचा मेल बाजूला पडायची शक्यता कमी होते.

आणि कृपा करून कार्यक्रमाच्या दारात वही ठेवून पत्ते गोळा करू नका. हातानं लिहिलेल्या पत्त्यात शून्य की ओ, कळत नाही, मेल परत येतात. बाकीचे पंधरा दिवसांत विसरतात आणि अंक आला की स्पॅम दाबतात. जीमेलवर मेल पाठवणाऱ्यांनी स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्यात असा गूगलचा २०२४ पासूनचा नियम आहे. हा हिशेब लहान लेखकालाच जास्त जड जातो. २०० वाचकांत एकानं स्पॅम दाबलं की अर्धा टक्का झाला.

येरळाकाठ, पलूस
पैशांचं कोणीच बोलेना. आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि पुढं मोठं मासिक झालं, हा दाखला इथं नेहमी देतात. पण त्यामागं कारखाना होता, छापायचा खर्च कारखान्याचा. एकट्या लेखकाचं उलटं होतं. काही सेवांत पहिले १०० वाचक फुकट, पुढं दरमहा बिल. तुम्ही कौतुकानं वाचक आणायचे आणि बिल त्यानं भरायचं? सबस्टॅक या वार्तापत्र सेवेवर तसं बिल नाही, पण वर्गणी लावली की १० टक्के त्यांचे, कार्डानं पैसे घ्यायचं शुल्क वेगळं. त्यापेक्षा वर्षाला २०० रुपये यूपीआयनं थेट लेखकाला पाठवा. तोंडी शाबासकी त्यानंतर.

घाटमाथा, सातारा
येरळाकाठ, बिलाचा मुद्दा मान्य, माझ्या मांडणीत तो सुटला होता. एवढंच म्हणेन की वर्गणी घेताना सगळे अंक कुलूपबंद करू नयेत. दाखवायला उघडा अंकच नसेल तर वाचकानं दुसऱ्याला द्यायचं काय?

हळदवखार, सांगली
ईमेलबद्दल मत तेच आहे. पण तोंडोतोंडीच करायचं असेल तर कागद वापरा. उघडा अंक ए-फोर कागदावर छापून मार्केट यार्डातल्या चहाच्या टपरीवर नाहीतर वाचनालयाच्या फलकावर लावा. क्यूआर निदान ३ सेंटिमीटरचा, चारी बाजूंनी पांढरी कड सोडून. लॅमिनेशन नको, दिव्याच्या चकाकीत कॅमेऱ्याला तो दिसत नाही. क्यूआर थेट नोंदणीच्या पानावर उघडू दे. आणि फुकट मुदतीवर क्यूआर बनवून देणाऱ्या सेवा टाळा. मुदत संपली की दुवा मरतो आणि कागद मात्र भिंतीवर तसाच राहतो.

तंतुवाद्य, मिरज
क्यूआरखाली वार्तापत्राचा पत्ता अक्षरांतही छापा. टपरीवर उभं राहून वाचणारा तो घरी जाऊन टाइप करतो.