साडेचार वर्षांचा मुलगा बोलताना अडकतो, थांबावं का स्पीच थेरपी सुरू करावी? (सोलापूर)

अशोकचौकवाली
नमस्कार, माझा मुलगा ज्युनिअर केजीला आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत छान बोलायचा, मग एकदम म-म-म-मला असं सुरू झालं, सगळे म्हणाले जाईल आपोआप, पण वर्ष उलटून गेलं आणि आता तर शब्दच अडकायला लागलाय. काल जेवताना पाणी मागायचं होतं, ओठ गच्च मिटले, डोळे मिचकावले, 'पा' काही बाहेर येईना, शेवटी माठाकडं बोट दाखवलं आणि गप बसला.

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा इंग्लिश मीडियम. शाळेतल्या मिस म्हणतात तीन भाषांनी गोंधळतोय, घरात तेलुगू बंद करा. सासूबाई म्हणतात तू रागावतेस आणि मोबाईल देतेस म्हणून झालं. ह्यांचे एक काका अजून असेच अडकत बोलतात, पण ते कुणी काढत नाही, सगळं माझ्यावरच. डॉक्टर म्हणाले सहा वर्षांपर्यंत थांबा. काय करू?

विजापूररोडची_मावशी
अगं काळजी करू नको, वेखंड उगाळून मधातून जिभेला लाव. आणि तोंडात गोटी ठेवून बोलायला लावायचं, आमच्या भाच्याचं असंच गेलं की.

वाचा_पुणे
मी स्पीच थेरपिस्ट आहे, नोकरी पुण्यात, माहेर सोलापूर. मावशी राग मानू नका पण गोटी अजिबात नको, श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतेल. भाच्याचं गेलं असेल हो, लहानपणी शंभरातली पाचेक मुलं अडखळायला लागतात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआपच जातं, नाव मात्र वेखंडाचं होतं.

ताई, तुमच्या बाबतीत मात्र मी थांबा म्हणणार नाही. वर्ष उलटलंय, मुलगा आहे (मुलींचं जास्त वेळा सुटतं), चुलत आजोबा अजून अडकतात, आणि मुख्य म्हणजे तो आता बोलायचं सोडून बोट दाखवायला लागलाय, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. हे आजच दाखवण्यासारखं आहे.

आणि हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा: तोतरेपणा आईच्या रागावण्यानं होत नाही, मोबाईलनं नाही, कुणाची नक्कल केल्यानंही नाही. मेंदूत बोलण्याची जी जुळवाजुळव होते तिच्यातला हा फरक आहे आणि बऱ्याच घरांत तो रक्तातून येतो. दमलेला असला, घाई असली, पाहुणे आले की त्या दिवशी जास्त अडकेल, ते वेगळं. तेलुगूही बंद करू नका. दोन-तीन भाषांमुळं तोतरेपणा येतो याला पुरावा नाही, आणि आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली तर पोरगं बोलणार कुणाशी?

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लिडकम नावाची पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीत तयार झालेली. त्यात थेरपी आईवडीलच देतात, थेरपिस्ट आठवड्याला भेटून शिकवते. रोज दहा-पंधरा मिनिटं गोष्टीचं पुस्तक नाहीतर खेळ घेऊन बसायचं, न अडकता वाक्य आलं की 'किती सरळ आलं रे' एवढंच म्हणायचं, अडकलेल्यावर बोलायचं ते अगदी क्वचित आणि हलकेच. दिवसाच्या शेवटी तुम्ही शून्य ते नऊ असा मार्क लिहायचा, शून्य म्हणजे अजिबात अडकला नाही. मात्र यूट्यूब बघून स्वतःच सुरू करू नका, कौतुकाचं प्रमाण चुकलं तर मूल चिडतं.

चाटीगल्ली
मी चाळिशीचा, कापडाचं दुकान आहे, अजून अडकतो. गिऱ्हाइकाशी बोलताना चालून जातं पण फोनवर स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं की घाम फुटतो. 'हळू बोल, श्वास घे, आधी विचार कर' हे लहानपणी इतकं ऐकलंय की आता कुणी म्हटलं तरी डोकं फिरतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो पण पोराला एवढंच कळतं की आपलं काहीतरी चुकतंय. शब्द पुरा करून देऊ नका, त्याच्याकडं बघत थांबा, तो काय म्हणतोय त्याला उत्तर द्या. व्हिडिओ कॉलवर 'बोल ना मामाशी' असं ढकलू नका. शाळेत सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना मी कधीच अडकलो नाही, त्यामुळं गुरुजी म्हणायचे वाचायच्या वेळी नाटक करतोस. गाताना किंवा एकसुरात म्हणताना बहुतेकांचं सुटतंच ओ, त्यात नाटक कसलं.

अशोकचौकवाली
वाचताना रडू आलं खरंच. ह्यांना दाखवलं, ते गप झाले. पण सासूबाईंना कसं सांगू, आणि मिसना काय सांगायचं? थेरपिस्टला तेलुगू येत नसेल तर?

वाचा_पुणे
सासूबाईंना सांगू नका, पहिल्या भेटीलाच सोबत न्या. माझ्याकडं येणाऱ्या आज्यांचा अनुभव असा की सुनेनं सांगितलेलं पटत नाही, तेच थेरपिस्टनं सांगितलं की लगेच पटतं. पुढं शिकल्यावर त्या रोजच्या वेळातले काही दिवस त्यांनाच द्या, तेलुगूत गोष्ट सांगू देत. थेरपिस्टला भाषा आली नाही तरी अडत नाही, घरच्या गप्पांचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून न्या.

मिसना इतकंच सांगा की हजेरीला हात वर केला तरी चालू दे, प्रश्न विचारला की उत्तराला वेळ द्या, आणि पोरं हसली तर तिथंच थांबवा. पुढं वर्गासमोर बोलायचं आलं की आधी त्यालाच विचारायचं.

कुठं जायचं तर आधी सिव्हिलला चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याला डीईआयसी म्हणजे लवकर निदानाचं केंद्र असतं, तिथं स्पीच थेरपिस्टची जागा असते, भरलेली आहे का ते आधी विचारून घ्या. नसेल तर खासगी, नाहीतर ऑनलाइन, लिडकम व्हिडिओ कॉलवरही नीट होतं. फी विचारायच्या आधी आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, आणि महिन्याभरात बरं करतो अशी गॅरंटी कुणी दिली तर तिथं पैसे भरू नका.