विमान उडवणाऱ्या मैत्रिणींनो, किस्से येऊ द्या (अनुभव धागा)

कोल्हापुरी_पंख

नमस्कार मंडळी. बाई पायलट म्हटलं की लोकांना लगेच एअरलाइनचा युनिफॉर्म आणि खांद्यावरच्या चार पट्ट्या दिसतात. त्यांनीही लिहावंच, पण हा धागा जास्त करून माझ्यासारख्यांसाठी काढलाय, म्हणजे आठवडाभर लॅपटॉपसमोर मान मोडून शनिवारी सकाळी सेसना (छोटं विमान) भाड्याने घेऊन उडणाऱ्या, किंवा सध्या शिकत असलेल्या, किंवा कधीकाळी शिकून मग संसारात अडकलेल्या. किस्से लिहा, मैत्रिणींचे, क्लबचे, फजितीचे, काहीही चालेल.

सुरुवात मी करते. मी मूळची कोल्हापूरची, आता सॅन होजेजवळ असते. लायसन मिळेपर्यंत सगळं छान चालतं हो, इन्स्ट्रक्टर असतो, पुढचा धडा असतो, परीक्षा असते. लायसन हातात आलं की प्रश्न पडतो की आता जायचं कुठे आणि कोणाबरोबर? नवरा एकदा आला, दुसऱ्यांदा त्याला नेमकी शनिवारी मीटिंग निघाली. बरं इथला नियम असा की मागच्या 90 दिवसांत 3 टेकऑफ आणि 3 लँडिंग झाली नसतील तर कोणाला बरोबर न्यायचं नाही. एकटीने उडायचा कंटाळा, म्हणून जाणं कमी, जाणं कमी म्हणून कोणाला नेता येत नाही, असं करत करत कितीतरी लोकांची लायसनं कपाटात पडून राहतात.

मला ह्यातून नाइन्टी-नाइन्सच्या आमच्या चॅप्टरने, म्हणजे स्थानिक शाखेने, बाहेर काढलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बायका पायलटांची संघटना, 2 नोव्हेंबर 1929 ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कर्टिस फील्डच्या हँगरमध्ये पहिली बैठक झाली. तेव्हा अमेरिकेत लायसन असलेल्या बायका 117, त्यातल्या 99 जणी सभासद झाल्या म्हणून नाव तेच. अमेलिया इअरहार्ट पहिली अध्यक्ष, 1931 पासून. आता संघटना जगभर आहे, भारताचाही सेक्शन आहे. पण खरी मजा गावोगावच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे पंधरावीस बायका, विशीतली कॉलेजवाली ते ऐंशीची आजी, सगळ्या एकमेकींना पहिल्या नावाने हाका मारतात. मला आधी जीभ वळेना, आमच्याकडे ऐंशीच्या बाईला नुसतं नावाने कोण बोलवतं!

तर तिथे मला जोडीदारीण मिळाली. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडवायच्या परवान्याचा) सराव करायचा तर डोळ्यावर हूड लावून फक्त काट्यांकडे बघत उडवावं लागतं आणि बाहेर लक्ष ठेवायला शेजारी दुसरा पायलट लागतोच, त्याला सेफ्टी पायलट म्हणतात. आम्ही दोघी आलटून पालटून हूड लावतो, भाडं अर्धं अर्धं. दुसऱ्या पायलटसमोर लँडिंग जरा आपटलं तर ती "ओह गॉड" म्हणत नाही, "क्रॉसविंड (आडवा वारा) होता ना?" म्हणते, एवढ्यावर मैत्री टिकते बघा.

आणि खाण्यासाठी उडणं हा तर इथला जुना छंद. हॅरिस रँच म्हणून एक ठिकाण आहे, हायवे 5 च्या कडेला, रेस्टॉरंटला स्वतःचा रनवे, उतरायचं, विमान बांधायचं आणि चालत जाऊन जेवायचं. रनवे जेमतेम 30 फूट रुंद. अरुंद रनवेची गंमत म्हणजे डोळ्याला वाटतं आपण खूप वर आहोत, मग माणूस नकळत खालून यायला लागतो. ती शिकवणी मला तिथे शेजारी बसलेल्या चॅप्टरच्या आजींनी दिली, "डोळ्याचं ऐकू नकोस, अल्टिमीटर (उंचीचा काटा) बघ". उतरून आत गेलो तर सगळं स्टेक, रँचच ती! मी बटाट्याच्या फ्राइज आणि सॅलड खाऊन परत उडाले. पुढच्या वेळेपासून डब्यात थालीपीठ, आणि आता चॅप्टरमधल्या दोघी तिघी "दॅट स्पाइसी पॅनकेक" आणलं का म्हणून आधीच मेसेज टाकतात.

फायनल_अप्रोच

वा, मस्त धागा. मी बारामतीला शिकते, सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसनचे) 200 तास पूर्ण करायचे आहेत, निम्म्याच्या पुढे आले. आमच्याकडे क्लब बिब काही नाही, पण हॉस्टेलच्या आमच्या विंगमध्ये आम्ही पाच जणी आहोत तोच क्लब समजा. पहाटेची सॉर्टी (सरावाचं उड्डाण) मिळावी म्हणून सगळ्यांची धडपड, कारण दहा वाजले की जमीन तापते आणि विमान असं हलायला लागतं की पोटातले पोहे वर येतात. ज्या मुलीची पहाटेची सॉर्टी तिला बाकीच्या उठवणार, चहा देणार, आणि ती परत आली की आधी एकच प्रश्न, "वारा कसा आहे?"

माझी उंची पाच फुटाला थोडी कमी. पहिल्या दिवशी रडर पेडलला पाय पूर्ण पोचेना, सीट पुढे ओढली तर योक (विमानाचं स्टिअरिंग) छातीला लागतं, आणि समोर डॅशबोर्डच्या वरून काही दिसेना. इन्स्ट्रक्टर सर म्हणाले उशी घे. मग सिनिअर ताईने तिची उशी दिली, पाठीला एक आणि बुडाखाली एक, निळं कव्हर, त्यावर आधीच्या तीन चार मुलींची नावं स्केचपेनने लिहिलेली, ज्या ज्या मुलीने ती वापरून सोलो (पहिलं एकटीचं उड्डाण) केला तिचं नाव. माझंही आहे आता. ती उशी सध्या ज्युनिअरकडे आहे आणि ती धुवायची नाही अशी अंधश्रद्धा पसरलीये 😄 मी त्यातली नाही पण धुतली मीपण नाही.

सोलोचं काय सांगू. सर उतरले, दार लावलं, आणि विमान एकदम हलकं झाल्यासारखं चटकन वर गेलं, एक माणूस कमी झाला की क्लाइंब वाढतो हे पुस्तकात वाचलेलं पण पाठीला कळतं ते वेगळंच. एकच सर्किट, म्हणजे रनवेभोवती एक फेरी. डाउनविंडला (फेरीतल्या रनवेला समांतर टप्प्याला) एरवी सर बडबडत असतात तिथे फक्त इंजिनचा आवाज, मी चेक्स मोठ्याने म्हणत होते, स्वतःलाच "कार्ब हीट" वगैरे. उतरून पार्क केलं तर ह्या चौघी बादल्या घेऊन उभ्या. सोलो झाला की अंगावर पाणी ओततात ना. जानेवारी होता हो!! त्यात एकीने बादलीत नीळ घातलेली. क्रॉस कंट्रीला (लांबच्या सराव उड्डाणाला) उजनीचं पाणी दिसायला लागलं की ती निळी बादली आठवून मी अजून त्यांना रेडिओवर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने हसते, म्हणजे बटण दाबत नाही अर्थात.

हडपसरची_घार

मुलींनो वाचून इतकं बरं वाटलं. मी सत्तरीत आहे, मुलाकडून टाइप करायला शिकले तेव्हा चुका सांभाळून घ्या. आम्ही पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचो, सरकारी केंद्र, नागरी विमान खात्याचं. कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमधल्या आम्ही मैत्रिणी सायकली मारत कॅम्पातून हडपसर. ग्लायडरला इंजिन नाही, खाली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतं, त्याचा लांबच लांब दोर ग्लायडरच्या पोटाला लावतात, विंच दोर गुंडाळतं आणि तुम्ही पतंगासारखे वर. नाक इतकं वर असतं की समोर फक्त आभाळ. मग ठरावीक उंचीला दोर सोडायचा, खटकन आवाज होतो आणि त्यानंतर काहीही आवाज नाही, नुसता वारा.

आमच्याकडे रोहिणी म्हणून देशी बनावटीचं लाकडी ग्लायडर होतं, त्यात शिकणारी आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसायचे, त्यामुळे हात चुकला की लगेच कोपरखळी. उन्हाच्या वेळी घारी शोधायच्या. घार पंख न हलवता गोल गोल फिरतेय म्हणजे तिथे गरम हवा वर चाललीये, आपणही तिथे जाऊन घिरट्या घ्यायच्या. घारी घाबरत नाहीत, मान वळवून बघतात. बाकी सगळा वेळ आम्ही ग्लायडर ढकलायचो, एकीने उडायचं तर तिघी चौघींनी पंख धरून पळायचं, दोर परत आणायचा, वही लिहायची. दिवसभर ऊन खाऊन हवेत पाच सात मिनिटं. पण मैत्री त्या ढकलण्यातच झाली. त्यातल्या एकीच्या सासूबाईंना लग्नानंतर कळलं तेव्हा त्यांनी विचारलेलं, "वर जाऊन करायचं काय?" आम्ही अजून एकमेकींना फोन केला की पहिलं वाक्य हेच.

दोनशेपंचावन्न

घार आजी ❤️ मी देशांतर्गत विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. आमच्याकडे क्लबसारखं नसतं, आज जिच्याबरोबर उडलात ती परत सहा महिने भेटत नाही. पण एक सांगते, माझ्या लाइन ट्रेनिंगमध्ये एक कॅप्टन मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं की 1985 ला कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन ह्यांनी कोलकाता ते सिलचर फॉकर फ्रेंडशिप विमान नेलं, सगळ्या बायकांचा क्रू, त्याची तेव्हा बातमी झालेली. आता आम्ही दोघी समोर आणि मागे चार मुली असा रोस्टर आपोआप लागतो, कोणाच्या लक्षातही येत नाही, मार्चमधल्या महिला दिनाला मात्र पीआरवाले फोटोला बोलावतात. आपल्या देशात बायका पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, तरी उतरताना एखादे काका विचारतातच "तुम्ही चालवलं?" मी म्हणते नाही, काकू चालवत होत्या मी बघत होते.

वजनदार_प्रश्न

चार सीटच्या विमानात खरं वजन सांगावं लागतं त्याबद्दल कोणी बोलणार आहे की नाही? आमच्या ग्रुपवर ट्रिपच्या आदल्या दिवशी वजनं मागवतात, बॅगेसकट. नवऱ्याला माहीत नाही ते आकडे त्या ग्रुपवर आहेत. आणि शू. तीन तासांचा टप्पा, विमानात टॉयलेट नाही, पुरुष बाटली घेऊन बसतात, आपण काय? उत्तर: आदल्या रात्रीपासून चहा बंद न करणे, डोकं दुखतं, त्यापेक्षा दोन तासांवर स्टॉप ठरवणे. ज्या क्लबात हे उघड बोलता येतं तो क्लब चांगला.

ह्यूस्टनकर

सहमत, टॉयलेट स्टॉप हेच आमचं फ्लाइट प्लॅनिंग. मी आणि माझी पार्टनर एअर रेस क्लासिकला गेलो होतो, फक्त बायकांची रेस, साधारण 2400 नॉटिकल मैल, चार दिवस, फक्त दिवसा आणि डोळ्याला दिसेल अशा हवामानातच उडायचं. प्रत्येक विमानाला आधी हँडिकॅप वेग ठरवून देतात आणि तुम्ही त्याच्यापेक्षा किती जोरात गेलात ते मोजतात, म्हणून जुनं सेसनाही नव्या चकचकीत विमानाला हरवू शकतं आणि पहिली पोचलेली टीम जिंकलीच असं नसतं. टाइमिंग लाइनवरून (वेळ मोजायच्या रेषेवरून) कमी उंचीवर फुल पॉवरने जायचं, अंगावर काटा येतो. खरी रेस मात्र वाऱ्याशी. कुठल्या उंचीला टेलविंड (मागून येणारा वारा) मिळेल ह्यावर आम्ही दोघी इतक्या भांडलो की एका स्टॉपवर एक तास बोललो नाही, आणि मग समोर वादळ, त्यामुळे सगळ्याच टीम एका छोट्या गावच्या विमानतळावर अडकल्या. रात्री हँगरमध्ये पिझ्झा, प्रतिस्पर्धी टीमने आमचा टायर बदलून दिला, मी सगळ्यांना चिवडा वाटला. आमचा नंबर? खालून बघा.

आई_जमिनीवर

मी पायलट नाही, लेकीला व्हायचंय, बारावीला आहे, नाशिकला राहतो. चष्मा आहे तिला. पुढे काय करायचं कोणी सांगेल का?

फायनल_अप्रोच

काकू, चष्म्याचा अडसर नाही, चष्म्याने 6/6 दिसलं पाहिजे आणि रंग नीट ओळखता आले पाहिजेत. आधी डीजीसीएच्या (नागरी विमान खात्याच्या) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास 2 मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी), नंतर क्लास 1. कुठेही फी भरायच्या आधी हे करा, लाखोंचा प्रश्न आहे. मग कुठलंही ट्रेनिंग सेंटर निवडण्याआधी तिथे एक दिवस नुसतं जाऊन बसा, विमानं किती उडतायत आणि किती हँगरमध्ये झाकून ठेवलीत ते मोजा, आणि ऑफिसात न विचारता मुलींच्या हॉस्टेलवर विचारा. आमच्याकडे आलात तर मला मेसेज करा, पहाटे साडेपाचला यावं लागेल.