शब्दचर्चा: ‘सुरक्षित प्रबलन अध्ययन’ यात सुरक्षित कोण?

देवगडहून:
आमच्या वाचनालयात अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान आहे. त्यांचं संशोधन सेफ रीइन्फोर्समेंट लर्निंग आणि कंट्रोल सिस्टिम्स (यंत्रांचं नियंत्रण) यांवर. फलकासाठी मी ‘सुरक्षित प्रबलन अध्ययन’ लिहिलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. त्यांची हयात मासेमारीत गेली. ते म्हणाले, “सुरक्षित कोण, ता सांग. शिकतलो तो, की होडयेत बसलेले?” मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

रत्नागिरीहून:
मी विद्युत अभियांत्रिकी शिकवते. ‘प्रबलन’ हा मानसशास्त्रातला शब्द. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या हालचालीने पेटीचं दार उघडून खाणं मिळे, ती मांजर पुढे लवकर करू लागे. बळ येतं ते त्या सवयीला. या पद्धतीने शिकणाऱ्या यंत्रालाही कृतीनंतर एक आकडा मिळतो, त्याला बक्षीस म्हणा. ज्या कृतींनी एकूण बक्षीस वाढतं, त्यांच्याकडे त्याचा कल वाढतो. तेव्हा शब्द चोख आहे. फक्त ‘प्रबलित काँक्रीट’ ऐकलेल्यांच्या मनात आधी लोखंडी सळ्या येतात.

वडिलांचा प्रश्न मात्र थेट मुळाशी जातो. असं यंत्र चुकतमाकत शिकतं. बुद्धिबळात ते लाख डाव हरलं तरी कुणाचं काही जात नाही. रस्त्यावरची गाडी किंवा ड्रोन शिकताना एकदा चुकलं तरी जीव जाऊ शकतो. म्हणून शिकून झाल्यावरच नव्हे, शिकत असतानाही यंत्राने ठरलेली हद्द ओलांडू नये, असा या संशोधनाचा आग्रह असतो. ‘सुरक्षित’ म्हणजे नीट राखलेला. इथे राखायचे आहेत ते होडीत बसलेले. तुमचा शब्द शिकण्यालाच राखतो, तिथे अर्थ निसटतो.

‘सुरक्षित’च्या जागी ‘स्थिर’ही म्हणू नका. रशियन गणितज्ञ लियापुनॉवचा स्थैर्यावरचा प्रबंध १८९२ चा. ढळलेली वस्तू पूर्वस्थितीजवळ राहते किंवा तिथे परत येते का, हा त्याचा विषय. न डगमगता थेट खडकावर जाणारी होडी स्थिर असेल, सुरक्षित नाही.

हर्णैहून:
मग ‘सांभाळून शिकणं’ का नको? घरातून होडीवर निघालेल्या पोराला आई हेच सांगते, “सांभाळून रे.” त्यात त्याचा जीव आला, दुसऱ्याचा आला, आणि काम थांबवायचं नाही हेही आलं.

आणि नियंत्रणाचा विषय आपल्याला परका नाही. गणितज्ञ वीनरने नियंत्रणावरच्या आपल्या १९४८ च्या पुस्तकाला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं ते सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक शब्दावरून. आपला ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलेला. किनाऱ्यावरचे शब्द असेच गलबतांतून आले. तांडेल नवशिक्याच्या हाती सुकाणू देतो, पण खडक जवळ आला की त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवतो. तेवढाच वळवतो, जेवढा लागतो.

रत्नागिरीहून:
दादा, सेफ्टी फिल्टर हेच करतो! शिकणाऱ्याचा हुकूम हद्दीबाहेर नेणारा असेल तरच तो बदलायचा, आणि कमीत कमी बदलायचा. याला मराठी शब्द मी कधीची शोधते आहे. ‘गाळणी’ मला पटत नाही.

देवगडहून:
‘राखणदार’ चालेल? आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो. तो गावाचा कारभार करत नाही, हद्द राखतो. नारळ देताना आम्ही हेच मागतो.

रत्नागिरीहून:
चालेल काय, हाच हवा होता. आता ‘कन्स्ट्रेंट’ला, म्हणजे यंत्राने न ओलांडायच्या हद्दीला, कृपा करून ‘दंड’ म्हणू नका. चुकीला उणे बक्षीस ठेवलं तर यंत्र हिशेब करतं: दंड भरूनही फायदा उरतो ना, मग चला. मर्यादेचा सौदा होत नाही. म्हणून मर्यादा बक्षिसाच्या हिशेबात मिसळत नाहीत, वेगळ्या मांडतात. संस्कृतात ‘मर्यादा’चा एक अर्थ किनारा असाही आहे, म्हणूनच ‘समुद्राने मर्यादा सोडली’ असं आपण म्हणतो. कोकणातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

देवगडहून:
फलक ठरला: ‘सांभाळून शिकणारी यंत्रं’, खाली बारीक अक्षरांत शास्त्रीय नाव. ‘एक्स्प्लोरेशन’, म्हणजे यंत्राने नव्या कृती करून बघणं, तेवढं राहिलं. ‘अन्वेषण’ म्हटल्यावर वडिलांना पोलीस तपास आठवला. ते ‘चाचपणी’ सुचवतात. अनोळखी पाण्यात काठी घालून तळ लागतो का बघतात, तशी. मी तोच लिहून ठेवला आहे.